एका डॉलरची बोट

बॉस्टनला जाऊन आलेल्या मराठी माणसाने तिथे काय काय पाहिले हे त्याला सांगावे लागत नाही. ऐकणाऱ्यालाच ते पाठ असते. हार्वर्डचे आवार, चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या ते ठिकाण, आणि ज्याच्या घरी उतरलो त्याच्या फ्रीजची उंची. २०१९ च्या ऑगस्टात मी सहकुटुंब धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे राहून आलो आणि ही यादी इमानेइतबारे पुरी केली. शेवटच्या आठवड्यात मात्र यादीत नसलेली एक गोष्ट पाहण्यात आली. परत आल्यावर ती कोणाला सांगायला जावे, तर समोरचा विचारतो, "नायगारा पाहिलात की नाही?" नायगारा आम्ही पाहिला नाही. ज्यांना याचे वाईट वाटेल त्यांनी हा लेख इथेच सोडून पुढच्या पानावरची कथा वाचावी.

त्याचे असे झाले. एका शुक्रवारी मेव्हण्यांनी रजा काढून आम्हांला 'कॉन्स्टिट्यूशन' ही जुनी युद्धनौका दाखवली. १७९७ साली याच बंदरात पाण्यात उतरलेली ही शिडाची बोट अजून तरंगते आहे, आणि अमेरिकन आरमाराच्या दफ्तरी अजून नोकरीवर आहे. दोनशे वर्षे उलटली तरी सेवानिवृत्ती नाही! आमच्या प्राध्यापक बंधूंच्या कानावर हे घालायला हवे. पण मला मौज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. १८३० साली ही बोट मोडीत काढणार अशी बातमी वर्तमानपत्रात आली. ती वाचून ऑलिव्हर वेंडेल होम्स नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने तडकाफडकी एक कविता लिहून बॉस्टनच्याच एका पत्राकडे धाडली. कविता गावोगावच्या पत्रांनी छापली, लोक खवळले आणि बोट वाचली. गेली वीस वर्षे मी वर्गात काव्याची प्रयोजने शिकवतो आहे. मम्मटाने सांगितलेली यश, अर्थ, व्यवहारज्ञान ही सगळी यादी मुलांकडून घोकून घेतो. कवितेने बोट वाचते हे काही मम्मटाने लिहून ठेवलेले नाही. अगदी ओढूनताणून बसवायचेच तर 'अमंगळाचा नाश' या कलमाखाली बसवता येईल, पण त्याला परीक्षक मार्क देतील असे वाटत नाही.

परतताना आम्ही फेरीबोटीने येत होतो. माझी मुलगी कठड्याला टेकून उभी होती. तिने पलीकडच्या काठाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "बाबा, ती बघा. शेंदूर फासलेली बोट!"

खरेच, काठावरच्या करड्या शेडांच्या आणि क्रेनांच्या गर्दीत एक लालभडक बोट उभी होती. दोन डोलकाठ्या, आणि अंगावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेले. अक्षरे इतकी मोठी की दुकानाची पाटी वाटावी. मेव्हण्यांना विचारले. ते बारा वर्षे बॉस्टनला राहतात. अर्थातच त्यांना माहीत नव्हते. (मी पुण्यात पंचवीस वर्षे राहतो आणि पाताळेश्वर पाहिलेला नाही, तेव्हा मी काही बोललो नाही.) बहीण मात्र त्या बोटीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मला ते कळले. 'शेंदूर' या शब्दाला आमच्या घरात एक स्वतंत्र अर्थ होता.

आमचे अण्णा मुंबईच्या गोदीत फिटर होते. चौतीस वर्षे त्यांनी बोटी दुरुस्त केल्या. बोटीच्या पत्र्यावरचा गंज ठोकून, खरवडून काढला की त्यावर पहिला हात द्यायचा तो शिशाच्या लाल रंगाचा. साहेब लोक त्याला 'रेड लेड' म्हणत, अण्णा शेंदूर म्हणत. तो त्यांच्या नखांत कायमचा बसलेला असे. ते घरी आले की आई विचारी, "गोदीतून आलात की मारुतीच्या देवळातून?" हा विनोद तिने किती वर्षे केला कोण जाणे, पण अण्णा दरवेळी हसत.

रात्री मेव्हण्यांनी माहिती काढली. ती बोट म्हणजे 'नॅन्टकेट' नावाची लाइटशिप. तिचे संग्रहालय केलेले असून उन्हाळ्यात शनिवारी ती लोकांना पाहू देतात. दुसरा दिवस शनिवार होता. मेव्हण्यांनी आमच्यासाठी एका भल्यामोठ्या दुकानाची सहल ठरवलेली होती आणि आमच्या सौभाग्यवतींनी तिथे घ्यायच्या वस्तूंची यादीही केली होती. बहीण एवढेच म्हणाली, "दादा, आपण बोट बघायला जाऊ." तिच्या आवाजात काही असे होते की यादी मुकाट्याने पर्समध्ये गेली.

बॉस्टनच्या भुयारी रेल्वेची निळी गाडी बंदराच्या खालून, समुद्राच्या पोटातून पलीकडे जाते. मॅव्हरिक नावाच्या स्टेशनावर उतरलो. पूर्व बॉस्टन हा काही पाहुण्यांना मिरवून दाखवायचा भाग नव्हे. शेजारीच विमानतळ, त्यामुळे दर काही मिनिटांनी एखादे विमान डोक्यावरून अंगावर आल्यासारखे जाते. अर्ध्या रस्त्यात पुसट खारट वास यायला लागला, मग ऑइलपेंटचा, मग डिझेलचा. बहीण म्हणाली, "अण्णांच्या डब्याच्या पिशवीला असा वास यायचा." मी म्हटले, "हो." पुढे दोघेही काही बोललो नाही.

जवळून बोट पाहिली तेव्हा ती वाटली होती त्याहून बरीच मोठी निघाली. लांबी सुमारे १४९ फूट. लाल अंग, आणि त्यावर माणसापेक्षा उंच पांढऱ्या अक्षरांत 'नॅन्टकेट'. दोन्ही डोलकाठ्यांच्या माथ्यावर दिवे. पुढे लटकलेला नांगर अळंबीच्या आकाराचा, वजनाने तीन टनांहून अधिक. बाकीच्या बोटींच्या नांगराला आकडे असतात, कारण त्यांना मुक्काम करून पुढे जायचे असते. हिला जायचेच नव्हते. अळंबीसारखा नांगर वाळूत रुततो आणि रुतूनच बसतो.

लाइटशिपला मराठीत काय म्हणावे याचा मी येताना गाडीत विचार करीत होतो. 'दीपस्तंभ' आपल्याकडे आहे, मग ही 'दीपनौका'. शब्द सुचल्यावर वाटले, हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. कार्तिकी पौर्णिमेला आपण द्रोणात दिवा ठेवून नदीत सोडतोच की. फरक एवढाच की आपला दिवा वाहून जाण्यासाठी सोडलेला असतो आणि यांचा वाहून जाऊ नये म्हणून साखळीने बांधलेला.

दीपस्तंभ बांधायला खाली खडक लागतो. मुंबईच्या तोंडाशी प्राँग्जचा खडक आहे, म्हणून त्यावर १८७५ साली दीपस्तंभ उभा राहिला. लहानपणी अण्णांनी तो आम्हांला कुलाब्याहून दाखवला होता. पण जिथे खाली नुसती सरकती वाळू आहे, किंवा पाणी फार खोल आहे, तिथे काय करायचे? तिथे बोटीवर दिवा ठेवून बोटच नांगरून ठेवायची. ही युक्ती इंग्रजांनी टेम्सच्या मुखाशी १७३० नंतरच्या दशकात काढली. अमेरिकेत ती १८२० साली आली. नॅन्टकेट बेटाच्या आग्नेयेला मैलोगणती वाळूचे दांडे पाण्याखाली लपलेले आहेत, आणि उष्ण गल्फ प्रवाह व उत्तरेचा थंड प्रवाह तिथेच भेटत असल्यामुळे धुके म्हणजे रोजचे. युरोपातून न्यूयॉर्कला येणाऱ्या सगळ्या बोटींचा रस्ता नेमका तिथून. म्हणून १८५४ पासून बेटापासून चाळीसएक मैल बाहेर, भर समुद्रात, एकामागून एक दीपनौका उभ्या राहिल्या. देश सोडून निघालेल्या लाखो लोकांना नव्या देशाची पहिली खूण दिसे ती स्वातंत्र्यदेवीची नव्हे, या लाल बोटीची.

बोटीवर आमचे स्वागत केले ते सत्तरीच्या एका उंच गृहस्थांनी. अंगात निळा डगला, हाताला रंग. तरुणपणी ते अशाच एका दीपनौकेवर खलाशी होते. आता शनिवारी पगाराविना इथे येतात. माणूस बोलका होता, पण त्यांची बोलण्याची पद्धत विचित्र होती. भर वाक्यात ते एकदम थांबत, चार-पाच सेकंद शून्यात पाहत आणि जिथे सोडले तिथून पुढे सुरू करीत. सौ. हळूच मला म्हणाल्या, "अहो, यांना बरं नाही का?" मलाही तसेच वाटले. मग त्यांनीच खुलासा केला. धुके पडले की बोटीवरचा भोंगा सुरू होई. तो ठरावीक अंतराने वाजायचा, आणि एकदा सुरू झाला की दिवसच्या दिवस चाले. त्याच्या आवाजात माणसाचे बोलणे ऐकू येणे शक्य नाही. म्हणून सगळे खलाशी भोंगा वाजायची वेळ झाली की आपोआप थांबत आणि तो संपला की वाक्य पुरे करीत. पुढे घरी रजेवर गेले तरी सवय जात नसे. भोंगा नाही, धुके नाही, स्वयंपाकघरात बायकोशी बोलताहेत, आणि मधेच गप्प!

आम्ही दोघे भावंडे एकमेकांकडे पाहून हसायलाच लागलो. आमची चाळ लोअर परळला रुळांच्या कडेला होती. फास्ट गाडी आली की आमच्या घरात अर्धी वाक्ये हवेत टांगून ठेवलेली असत. लग्नाची बोलणी करायला आलेली मंडळी बावरत. अण्णा पुण्याला माझ्याकडे राहायला आले तरी मधेच थांबत, आणि माझ्या मुलीला वाटे, आजोबा विसरले. मी हे त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी माझा हात धरून जोरजोराने हलवला. लोअर परळची चाळ त्यांना मनापासून समजली होती.

मग त्यांनी आम्हांला सगळी बोट फिरवून दाखवली. खलाशांच्या झोपायच्या जागा, आमच्या रेल्वेच्या बर्थाहून अरुंद. इंजिनाची खोली: १९३६ साली बसवलेले वाफेचे यंत्र काढून १९६० साली डिझेलचे बसवले, कारण एका जागी उभे राहायचे असले तरी वादळात साखळीवरचा ताण कमी करायला इंजिन चालू ठेवावे लागे. धावायचे नाही, तरी धाप लागायचीच. स्वयंपाकघरातल्या शेगडीला भोवताली कठडे होते. सौं.नी ते बारकाईने पाहिले आणि म्हणाल्या, "इथे पोळी करायची म्हणजे तव्यावरून सरळ समुद्रात."

एका वेळी महिना महिना माणसे इथे राहत. बोट जागची हलत नाही, समोरचा देखावा बदलत नाही, काम तेच. वादळ आले की बाकीच्या बोटी बंदरात पळतात. हिने पळायचे नाही, कारण वादळातच दिव्याची गरज. सप्टेंबर १९५४ मध्ये 'एडना' नावाचे वादळ याच बोटीवर आले तेव्हा वारा ताशी ११० मैलांचा होता आणि लाटा सत्तर फुटांच्या. सत्तर फूट म्हणजे आपली सातमजली इमारत. सुकाणू कामातून गेले, खोल्यांत पाणी शिरले, पण बोट तरली.

आणि एरवी? एरवी नुसता कंटाळा. त्या कंटाळ्यातून एक सुंदर गोष्ट मात्र जन्मली. एकोणिसाव्या शतकात नॅन्टकेटच्या दीपनौकेवरचे खलाशी वेळ घालवायला वेताच्या टोपल्या विणत. तळाला लाकडाची चकती, वर लाकडी साच्याभोवती वेताची घट्ट वीण. एक विणली की तिच्यात बसणारी दुसरी, दुसरीत बसणारी तिसरी. आपल्या बुरुडाने पाहिल्या तर मान डोलावील अशा. पुढे सरकारी नोकरांनी जोडधंदा करू नये म्हणून बोटीवर विणायला बंदी आली, आणि टोपल्या बेटावर विणल्या जाऊ लागल्या. आज त्या टोपलीची किंमत ऐकून सौ. दोन पावले मागे सरकल्या.

'नॅन्टकेट' ही बोट बांधली का गेली, ही हकिगत त्या गृहस्थांनी डेकवर उभे राहून सांगितली, आणि ती सांगताना ते एकदाही मधे थांबले नाहीत.

हिच्या आधी त्या जागी दुसरी दीपनौका होती, क्रमांक ११७, हिच्याहून बरीच लहान. दिव्याबरोबर तिच्यावर रेडिओची खूणही होती. धुक्यात दिवा दिसत नाही, पण रेडिओची खूण ऐकू येते. मोठाल्या प्रवासी बोटी त्या खुणेवर नेमके तोंड धरून येत आणि जवळ पोचल्या की वळत. नेमके तोंड धरून. साधन जितके अचूक तितका धोका मोठा. १९३४ च्या जानेवारीत 'वॉशिंग्टन' नावाची बोट तिला घासून गेली. त्याच वर्षी १५ मे रोजी, दाट धुक्यात, 'ऑलिम्पिक' आली. 'टायटॅनिक'ची थोरली बहीण, ४६,००० टनांहून मोठी. वळायला उशीर झाला. 'ऑलिम्पिक'वरच्या उतारूंना म्हणे जरासा धक्का जाणवला. दीपनौका मधोमध फुटून बुडाली. अकरा माणसे होती; सात गेली. सगळ्या जगाला 'इथे या, मी इथे आहे' असे सांगत उभी असलेली बोट, आणि सांगितले तसेच जग तिच्यावर येऊन आदळले.

ब्रिटनने भरपाई दिली. त्या पैशांतून ही बोट १९३६ साली विल्मिंग्टनला बांधली गेली. खर्च आला ३,००,९५६ डॉलर. पुन्हा तसे होऊ नये म्हणून तिच्या पोटात दुहेरी पत्रा आणि पाणी न शिरणारे पुष्कळ वेगवेगळे कप्पे केले. अमेरिकेत बांधलेल्या दीपनौकांत ही सर्वात मोठी. दुसऱ्या महायुद्धात ती दुसऱ्या कामावर गेली, ती वर्षे सोडली तर १९७५ पर्यंत ती बहुतेक काळ त्याच जागी उभी होती. तिच्यानंतर तिथे धाकट्या दोघींनी आळीपाळीने पहारा केला. १९८३ च्या डिसेंबरात शेवटची दीपनौका तिथून निघाली आणि तिच्या जागी मनुष्यविरहित असा मोठा तरंगता दिवा आला. अमेरिकेतल्या दीपनौकांचे युग तिथे संपले.

"मग ही वाचली कशी?" माझ्या मुलीने विचारले.

वाचली ती अर्धवटच वाचत वाचत. प्रथम तिला नॅन्टकेट बेटावर नेऊन संग्रहालय केले. खर्च झेपेना. मग ती या हातातून त्या हातात, या बंदरातून त्या बंदरात फिरत राहिली. जन्मभर एका जागी उभी राहिलेली बोट म्हातारपणी दारोदार हिंडली. १९८९ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक ठेव्याचा दर्जा मिळाला. पण मानपत्राने गंज जात नाही, हे अनेक वृद्ध साहित्यिक सांगतील. शेवटी न्यूयॉर्कजवळच्या ऑयस्टर बे गावी ती गंजत पडली. तिथून २००९ च्या ऑक्टोबरात 'युनायटेड स्टेट्स लाइटशिप म्युझियम' नावाच्या संस्थेने ती विकत घेतली. किंमत: एक डॉलर.

मेव्हणे हिशेबी आहेत. ते म्हणाले, "एक डॉलर? म्हणजे आपल्या पार्किंगपेक्षा स्वस्त."

गृहस्थ हसले. म्हणाले, "पहिला डॉलर सोपा होता." मे २०१० मध्ये तिला ओढत बॉस्टनला आणले. मग सुकी गोदी, मग तळाचे पत्रे बदलणे, मग रंग. खाऱ्या पाण्यातली बोट म्हणजे हत्ती पोसणे. एका टोकापासून गंज काढत दुसऱ्या टोकाला पोचावे, तोवर पहिले टोक पुन्हा गंजलेले असते.

हे शेवटचे वाक्य मी आधी ऐकलेले होते. अगदी याच शब्दांत, मराठीत. मी बहिणीकडे पाहिले. ती कठड्याचा रंग नखाने खरवडीत होती.

आता 'विक्रांत'विषयी लिहिणे भाग आहे. जुनी, पहिली 'विक्रांत'. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात गाजलेली ती विमानवाहू बोट १९९७ साली निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईच्या गोदीत संग्रहालय म्हणून उभी राहिली. वर्षातून काही थोडे दिवस, मुख्यत्वे डिसेंबरात नौदल सप्ताहात, ती लोकांना पाहायला मिळे. अण्णांनी तिच्या मोठ्या दुरुस्तीत महिनोन् महिने काम केले होते. तिच्या पोटातले कोणते पंप आपण उघडून पुन्हा जोडले, हे ते जेवताना वाट्या मांडून दाखवीत. निवृत्त झाल्यावर त्यांची एकच इच्छा होती: नातीला घेऊन जायचे आणि तो पंप दाखवायचा.

दर डिसेंबरात ते विचारीत, "यंदा जाऊ या का?" आणि दर डिसेंबरात मला काहीतरी असे. उत्तरपत्रिका, चर्चासत्र, मुलीचा ताप, एकदा तर चक्क एका दिवाळी अंकाच्या परीक्षणाची घाई. "पुढच्या वर्षी नक्की, अण्णा." बोट कुठे पळून जाते? ती तर नांगरलेली आहे. बहीण इथून दर फोनवर विचारी, "नेलंस का अण्णांना?" पुढेपुढे तिने विचारायचे सोडले.

२०१२ साली सुरक्षिततेच्या कारणाने 'विक्रांत'वरचे संग्रहालय बंद झाले. बातमी अण्णांनीच आधी वाचली. वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "उभी बोट लवकर जाते. चालती असती तर राहिली असती." २०१३ मध्ये अण्णा गेले. पुढच्या जानेवारीत 'विक्रांत' सुमारे साठ कोटींना मोडीत विकली गेली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, पण उपयोग झाला नाही. दारुखान्याच्या किनाऱ्यावर तिचे तुकडे झाले. तिच्या पोलादातून पुढे एका कंपनीने मोटारसायकली काढल्या. आमच्या कॉलेजच्या आवारात तशी एक उभी असते. मी तिच्याकडे पाहत नाही. लोकांना दोष द्यावा तर मी कुठे निराळा होतो? मी पुण्याहून मुंबईला गेलो नाही. साडेतीन तासांचा रस्ता. आणि इकडे मी सात समुद्र ओलांडून दुसऱ्यांची बोट पाहायला आलो होतो.

हे सगळे अर्थातच मी त्या गृहस्थांना सांगितले नाही. ते आम्हांला मागच्या डेकवर घेऊन गेले. तिथे दोन-चार स्वयंसेवक गुडघ्यांवर बसून हातोडीने गंज उडवीत होते. टक् टक् टक्. बाजूला काढून ठेवलेले जुने पत्रे पडले होते. मुलीने विचारले, "कोणता पत्रा खराब आणि कोणता चांगला, हे कसं कळतं? सगळे सारखेच दिसतात." गृहस्थांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ठोकून बघा."

मी आयुष्यात खडूपेक्षा जड हत्यार धरलेले नाही. तरी वाकलो आणि एका पत्र्यावर ठोका घातला. ठण्. पुढे सरकलो. ठण्. त्यापुढे ठोकले तेव्हा आवाज बद्द आला.

"हा गेलेला," मी म्हणालो. "आणि इथपर्यंत." मी आणखी दोन ठोके घातले. "इथून पुन्हा चांगला."

गृहस्थांनी खाली वाकून पाहिले, अंगठ्याने दाबले. पत्र्याचा पापुद्रा निघून हातात आला. ते माझ्याकडे पाहत राहिले. "तुम्ही बोटीवर काम केलं आहे?"

"नाही," मी म्हणालो. "मी मराठी शिकवतो."

उन्हाळ्यात माठ घ्यायला अण्णा आम्हां दोघांना बरोबर नेत. कुंभारणीच्या वीस माठांवर टिचकी मारून दाखवीत. "डोळ्यांनी बघू नका. डोळे मिटा. आता सांग, कुठला घ्यायचा?" चुकलो की पुन्हा टिचकी. बहिणीचे कधी चुकत नसे. माझे हमखास चुके. तो कान कुठे जपून राहिला होता कोण जाणे.

"आमच्या वडिलांनी केलं आहे," बहीण म्हणाली. तिने माझ्या हातातली हातोडी घेतली, चप्पल काढली आणि त्या स्वयंसेवकांच्या रांगेत जाऊन बसली. कोणी काही विचारले नाही. एकाने फक्त सरकून जागा दिली आणि डोळ्यांना लावायचा चष्मा पुढे केला. तासभर ती गंज उडवीत होती. मेव्हणे फोटो काढायला गेले आणि न काढताच परत आले. सौ. माझ्या मुलीला घेऊन दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसल्या आणि तिला अण्णांच्या पंपाची गोष्ट सांगू लागल्या. वाट्या नव्हत्या, म्हणून पाण्याच्या बाटल्यांची झाकणे मांडली होती. एक पंप त्यांनी चुकीच्या जागी मांडला. मी तो सरकवून बरोबर केला.

निघताना दाराशी देणगीची पेटी होती. मेव्हण्यांनी किती टाकले ते मी पाहिले नाही. त्यांना घडी करायला बराच वेळ लागला एवढे खरे. बहिणीच्या नखांत लाल रंग गेला होता. गृहस्थ काठापर्यंत पोचवायला आले. आम्ही पुन्हा कधी येणार, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, मी परवा भारतात परत जातो, पण ही इथेच असते.

"मग दर शनिवारी सकाळी दहा वाजता..." ते बहिणीला म्हणाले, आणि त्याच वेळी एक विमान डोक्यावर आले. ते थांबले. बहीणही थांबली, मीही. तिघेही आकाशाकडे न पाहता उभे राहिलो. विमान गेले.

"...हातमोजे आणा," ते म्हणाले.